मलमाचा पिंजरा

फोन आला तेव्हा प्रियदर्शनी तायडे अकोल्याच्या गुरांच्या दवाखान्यात एका म्हशीच्या खुरात रुतलेला खिळा उपसत होती. पलीकडे अमरावतीच्या कॉलेजात तिला शिकवलेले गावंडे सर होते.

"पोरी, उंदीर चोरीला गेले," ते म्हणाले. "साजिदनं घात केला. पोलिसांच्या आधी तू ये."

दुसरं कुणी हसलं असतं. प्रियदर्शनी हसली नाही. हे उंदीर कोणते, ते तिला ठाऊक होतं.

शरीरात एक न्यूरोपेप्टाइड असतं, खाजेचा निरोप नेणारं. मज्जारज्जूतल्या पेशींवर त्याच्यासाठी कुलपासारखी जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. किल्ली कुलपात बसली की जिवाला खाज कळते. ते कुलूप घडवणारं जनुकच काढून टाकलेले सहा काळे उंदीर सरांनी हैदराबादहून मागून आणले होते. त्यांना दुखायचं, भूक लागायची, खाज मात्र जवळजवळ कळायची नाही. त्यांच्याशी ताडून पाहत सर खाजेवर मलम तयार करत होते.

मलमाची गरज होतीच. त्या वर्षांत वऱ्हाडात कितीतरी वावरं पडीक पडली आणि त्यांत गाजरगवत माजलं. निंदणाऱ्या बायकांचे हात फुटून निघाले. वलगावची सुंदराबाई, म्हणजे प्रियदर्शनीची आई, त्यांच्यातलीच. तिला सरांनी स्वतः शब्द दिला होता.

सरांच्या शब्दाची किंमत त्या घराला माहीत होती. बारावीनंतर पोरीचं शिक्षण बंद करायचं ठरलं, तेव्हा हा माणूस स्कूटरवरून आला आणि बाप हो म्हणेपर्यंत ओट्यावरून हलला नाही. प्रियदर्शनी जनावरांची डॉक्टर झाली ती त्या ओट्यामुळे. मिळेल त्या एसटीनं ती निघाली.

कॉलेजच्या प्राणीघराच्या उंबऱ्याबाहेर संस्थेचे अध्यक्ष किसनराव खुर्ची टाकून बसले होते. उंदीर म्हटलं की हे गृहस्थ पाय वर घेत, आत जायचं नावच नाही. संध्याकाळपर्यंत छडा लागला तर ठीक, नाहीतर साजिदला ठाण्यात देतो, असं त्यांनी तिथूनच बजावलं. साजिद भिंतीला टेकून उभा होता. पिंजरे साफ करणं, दाणापाणी पाहणं हे त्याचं काम. एकदा चोर म्हणून नाव लागलं, की या गावात त्याला पुन्हा कोण उभं करणार होतं?

सरांनी तिला आत नेलं. तीन पिंजरे होते. पहिला जनुक नसलेल्या उंदरांचा, त्याचं दार सताड उघडं. उरलेल्या दोन्हींत साधे उंदीर. दुसऱ्यातल्यांना काहीच लावलेलं नव्हतं, तिसऱ्यातल्यांच्या मानेवर मलम. दोन्ही जातींचा रंग एक, चण एक. म्हणून ओळखीसाठी साध्या उंदरांच्या कानाला खाच मारलेली असे, बिनजनुकी उंदरांचे कान कोरे. खाचेचा चिमटा सरांच्या खिशात पेनाशेजारी असायचा. पोरं त्यांना मागून कंडक्टर म्हणत.

"मलमाच्या पिंजऱ्याला हात लावू नकोस," सर म्हणाले. "उद्या औषध कंपनीची माणसं ते बघायला येताहेत. आणि हैदराबादवाले त्यांचे उंदीर परत न्यायला. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

तिला सरांची कीव आली. साजिदला तिनं बाहेर निंबाखाली नेलं.

"पिंजरा उघडा कोणी पाहिला?"

"मीच. सकाळी."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माह्याजवळ. सरजवळ बी, अन् अध्यक्ष सायबाजवळ बी. पर मॅडम, चोराले काय करायचे उंदीर? इकत कोन घेते?"

"इतक्यात काही वेगळं दिसलं?"

"किडे झाले. नव्या भुश्यातून आले, समद्याच पिंजऱ्यात. मी सरले सांगतलं औषध द्या म्हून. सर म्हने, पाहुणे जाऊ दे, मंग पाहू."

"कानाच्या खाचा कधी तू मारल्यास?"

साजिदनं मान हलवली. "माह्या हातानं होत नाही. त्याचा जीव दुखते. ते सरच करते."

बिचारा खरं बोलतोय असं तिला वाटलं. मग खोटं कोण बोलतंय? किसनरावांचं आणि सरांचं फारसं जमत नसे. त्यांनीच कुणाकडून करवलं असेल, असं तिनं ठरवून टाकलं. एक किल्ली सरांकडेही होती, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही.

ती परत आत आली. दुसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर नुसते पिसाळले होते. मागच्या पायांनी कानामागे खाजवून खाजवून त्यांनी केस उडवले होते. मलमाच्या पिंजऱ्यात मात्र शांतता. उंदीर तुकतुकीत, कातडीवर ओरखडा नाही. तिला आनंद झाला. आईचे हात बरे होणार होते.

पण किडे पडलेलं जनावर तसंच सोडून जाणं तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. सरांची ताकीद बाजूला ठेवून तिनं मलमाचा एक उंदीर उचलला आणि भिंगाखाली धरला.

किडे होते. मानेपासून शेपटीपर्यंत बुजबुजले होते, खाजवणाऱ्या उंदरांवर होते त्याहून कितीतरी जास्त. तिनं शेपटी हळूच दाबली. उंदीर गर्रकन वळून चावायला आला. मग तिनं त्याचा कान पाहिला, आणि एकेक करून बाकीच्यांचेही पाहिले.

बाहेर नळावर जाऊन तिनं तोंड धुतलं. आपली चूक होत असावी असं तिला मनापासून वाटत होतं, पण चूक काही सापडत नव्हती.

संध्याकाळी उंबऱ्यापाशी ती बोलली. सर आत उभे होते, किसनराव बाहेर बसले होते, साजिद निंबाखाली होता.

"साहेब, हैदराबादचा एकही उंदीर चोरीला गेलेला नाही. सहाही इथंच आहेत, मलमाच्या पिंजऱ्यात."

किसनराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"खाज ही नुसती पीडा नसते. अंगावर किडा बसला की ती सावध करते, म्हणून जनावर तो झटकतं. तेच सावध करणं थांबेनासं झालं की आजार, माझ्या आईच्या हातांसारखा. या सहांना सावध करणारं कुलूपच नाही. म्हणून किडे यांच्यावर वाढले आणि यांनी पाय उचलला नाही. शेपटी दाबली तर चावतात, म्हणजे दुखणं कळतं."

"मलमाचा गुण असेल," किसनराव म्हणाले.

"मलम फक्त मानेवर आहे. किडे पाठीवर, पोटावर, सगळीकडे आहेत. मलमाचे खरे उंदीर खाजवतच राहिले असणार, म्हणून ते काढून हे त्यांच्या जागी ठेवले. मग हैदराबादवाल्यांना दाखवायला यांचा पिंजरा रिकामा हवा आणि चोरही हवा."

"पण कोणी?"

"यांच्या कानाच्या खाचा जुन्या नाहीत. कडा अजून लाल आहेत. साजिद खाच मारत नाही. तुम्ही उंबरा ओलांडत नाही. मलम चाललं तर साजिदला काही मिळणार नव्हतं." पुढचं वाक्य तिला जड गेलं. "चिमटा सरांच्या खिशात असतो."

सरांनी नाकबूल केलं नाही. चिमटा काढून त्यांनी रिकाम्या पिंजऱ्यावर ठेवला. जुने उंदीर मारून मागच्या आवारात पुरल्याचं सांगितलं. इतकी वर्षं घातली, पण मलम काही लागू पडेना, एवढंच म्हणाले. किसनरावांनी साजिदला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला, पण माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

"मलाच का बोलावलं, सर?" प्रियदर्शनीनं विचारलं.

सरांनी पिंजऱ्याचं उघडं दार लावून घेतलं. "माझं म्हणणं तू कधी तपासून पाहिलं नाहीस, पोरी."

ती अकोल्याला गेली नाही, वलगावला गेली. सुंदराबाई त्याच ओट्यावर बसून मनगटं दगडाच्या कडेवर घासत होती.

"मास्तरचं मलम कवा येते व?"

"येत नाही, माय. सरनं फसवलं."

"कोनाले?"

"समद्याले. तुले बी."

सुंदराबाईनं हात थांबवले आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "माहे हात त असेच होते," ती म्हणाली. "पर तुले काहून फसवलं त्यानं?"

प्रियदर्शनीनं आईचे फुटलेले हात ओंजळीत धरले आणि दिवसभर अडवून ठेवलेलं रडू तिला आवरलं नाही.