घोंगडीखालून आलेली ओ

कुणाला पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. छप्पन्न सालचा जानेवारी. लालबागची एक चाळ, दुसरा मजला.

रखमा गेल्याचं कुशाबाला सकाळी कळलं.

आदल्या दिवशी तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होता. संचारबंदी लागली आणि तो परळला अडकला. सकाळी जिन्याशी आला, तर माणसं बाजूला झाली.

गोळ्या रस्त्यावर सुटल्या होत्या. त्याची बायको मात्र घरातच दगावली होती. वाफारा घेताना.

गिरणीत उभं राहून रखमाचे गुडघे धरायचे. शेजारची गंगुबाई तिला वाफारा द्यायची. स्टुलाखाली निर्गुडीच्या पाल्याचं उकळतं पातेलं, वरून डोक्यापर्यंत घोंगडी. घाम निघाला की रखमा जिना हसत चढायची.

गंगुबाईचे नियम कडक. उपाशी बसायचं नाही. पाणी पिऊन बसायचं. दार उघडं ठेवायचं. आणि बाहेरच्या माणसानं हाक मारत राहायचं. आतून ओ आली नाही, की घोंगडी ओढायची.

त्या दिवशी अश्रुधूर गॅलरीत शिरला. गंगुबाईनं दार-खिडकी लावून घेतली आणि नातवंडांना आणायला खाली धावली. पाणी गरम राहावं म्हणून कोळशाची शेगडी आतच होती.

ती परत आली, तोवर उशीर झाला होता.

नंतर कुशाबानं घोंगडी धुऊन दोरीवर टाकली. वापरली नाही.

पण कामावरून आला की हात लावून बघायचा...

ओली.

उन्हात घातली, तरी संध्याकाळी ओली. आणि कोमट.

महिन्याभरानं त्याची पाठ धरली. रविवारी दुपारी गंगुबाई पातेलं घेऊन दारात.

"मला नको ते, मावशी."

"मग काय, वाकूनच जाणार कामावर? मुकादम म्हणंल, नमस्कार कशाला करतोयस!"

तो हसला नाही. तीही मग हसली नाही.

"शेगडी बाहेर ठेवलीय. दार उघडं हाय. मी उठायची नाय, कुशाबा. या वेळेला पोलीस आले तरी उठायची नाय."

तो बसला. तीच घोंगडी. आत अंधार, वाफ, निर्गुडीचा वास. पाठ हळूहळू सुटायला लागली.

"हायस ना रं?"

"ओ."

थोड्या वेळानं पुन्हा. "हायस ना?"

"ओ."

घाम डोळ्यांत उतरला. तिसरी हाक आली. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात...

"ओ."

बाईचा आवाज. त्याच्या कानाशी.



बाहेरून गंगुबाई हळूच म्हणाली, "कुशाबा... ओ कुणी दिली?"

त्यानं घोंगडी भिरकावली. आत कुणी नव्हतं.

पाठ मात्र साफ मोकळी झाली होती. पुन्हा कधी धरली नाही.

गंगुबाई आता कुणालाच वाफारा देत नाही. घोंगडी दोरीवरच आहे. तो रोज हात लावतो. रोज ओली.

त्याला एकच विचारायचं आहे. रखमा तिथं आहे का? विचारायला एक हाक पुरे. संध्याकाळी तो समोर बसतो. तोंड उघडतो. ओ आली तर काय करायचं, ते त्याला कळत नाही. नाही आली तर, तेही नाही.

त्या दिवशी तिला हाक मारायची राहिली होती.

ती अजून राहिलेलीच आहे.