वॉर्निशचा शेवटचा हात

माझ्या राइस कुकरवर कुणीतरी आख्खी गाडी आणून ठेवली होती!

म्हणजे कागदावर. अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या देसी किराणा दुकानातल्या नोटिस बोर्डवर मी 'मूव्हिंग सेल'ची चिठ्ठी लावली होती... राइस कुकर, मिक्सर, गादी. बाहेर नोव्हेंबरचा गारठवणारा पाऊस, म्हणून दारातच रेंगाळले होते. तेवढ्यात एक उंच, भिजलेला मुलगा आला आणि नेमकी माझ्याच चिठ्ठीवर स्वतःची चिठ्ठी टाचून मोकळा झाला. १९४९ची स्टेशन वॅगन विकणे आहे, अंगाला खरं लाकूड. खाली नाव – वीर सबनीस.

"सबनीस, तुमची गाडी माझ्या कुकरवर पार्क झालीय."

तो दचकून वळला. "तुमची? मी तर एकटाच आहे."

"आदरानं म्हटलं."

"ओह... मग नको. आय डोंट डिझर्व्ह इट." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. चिठ्ठी काढता काढता त्यानं माझी वाचली. "सगळंच विकतेयस?"

"प्रोजेक्ट कॅन्सल झालं. नोकरी गेली, म्हणजे व्हिसाही गेला. बारा दिवसांनी पुण्याचं तिकीट."

सॉरी म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तुला मराठी वाचता येतं?"

"शाळेत मी काय बटाटे सोलत होते?"

"मला नाही येत," तो म्हणाला. "बोलता येतं, बस. आणि घरी एक वही आहे..."

अनोळखी मुलाच्या घरी जाऊ नये, हे मला कळत होतं. तरी गेले. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, आणि तसंही मला आता अमेरिकेत कोण काय म्हणणार होतं?

वीर इथेच जन्मलेला, शाळेत मुलांना बँड शिकवायचा. आई लहानपणीच गेली. वडील, मोरेश्वर सबनीस, अकरा वर्षं गराजमध्ये ही गाडी जुळवत होते. मधाच्या रंगाचं ते लाकूड पाहून मी नकळत हात पुढे केला.

"इथेच सापडले मला," वीर म्हणाला. "सप्टेंबरमध्ये. गाडीशेजारी, हातात ब्रश. ही डोळ्यांसमोर नको झालीय."

माझा हात तिथेच थांबला.

गिऱ्हाईक लगेच मिळालं, एक म्हातारा अमेरिकन. पण त्याची अट होती, वॉर्निश पूर्ण करून हवं. कुठल्या फळीला किती हात दिलेत, ते सगळं वडिलांनी वहीत लिहून ठेवलं होतं. मराठीत. म्हणून मी रोज दुपारी तिथे. मी ओळीखाली बोट फिरवत वाचायची, तो ब्रश मारायचा.

"'मागचं दार, डावं. तिसरा हात. घाई करू नये.'"

"हे बाबांनी लिहिलंय की तू सांगतेयस?"

"दोघंही."

एकदा माझ्या गालाला वॉर्निश लागलं. पुसायला त्यानं बोट उचललं... आणि अर्ध्यात थांबवलं. मी गाल पुढे केला नाही. अजून वाटतं, करायला हवा होता.

दहाव्या दिवशी तो आपणहून बोलला. "त्या दिवशी बाबांचा फोन आला होता. रिहर्सल चालू होती, मी उचलला नाही. संध्याकाळी आलो, तर... काय सांगायचं असेल त्यांना? मला फक्त एवढंच हवंय, आश्लेषा. शेवटच्या पानावर असेल ना?"

मी पान काढलं. 'छातीत परत कळ आली. वीरला फोन केला. उचलला नाही.'

पण मोठ्यानं मी वाचलं, "'हवा छान आहे. वीरला जेवायला बोलवायचं होतं.'" आणि वही मिटली.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

त्यानं ब्रश उचलला. शेवटची फळी आम्ही दोघांनी मिळून रंगवली.

बाराव्या दिवशी सकाळी म्हातारा गाडी घेऊन गेला. रिकाम्या गराजमध्ये माझ्या दोन बॅगा आणि आम्ही. टॅक्सी यायला वीस मिनिटं होती, आणि ते खोटं मला पुण्याला नेववेना.

"वीर, मी परवा खोटं वाचलं."

"आय नो," तो म्हणाला. "तुझं बोट थांबलं होतं. आवाज पुढे गेला." मग हळूच, "तेव्हाच मी... जाऊ दे. आता खरं वाच ना."

वाचलं. कळ, फोन, उचलला नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. माझ्याच डोळ्यांना धार लागली, म्हणून मी उगाच पान उलटलं. मागे आणखी चार ओळी होत्या. त्या दिवशी मी घाबरून वही मिटली, तिथवर पोचलेच नव्हते.

"'बरं झालं उचलला नाही. आवाजावरून ओळखलं असतं त्यानं, मुलांना सोडून धावत आला असता. आता बरं वाटतंय. शनिवारी गाडीची पहिली चक्कर, वीरला शेजारी बसवून.'"

वीर रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच, असं म्हणाला. मी शेजारी बसून राहिले. शनिवार आलाच नव्हता, आणि गाडीही आता नव्हती. त्याला माझं काहीच उपयोगाचं नव्हतं, एक खांदा सोडून.

टॅक्सीचा हॉर्न वाजला तेव्हा मी वहीच्या कोऱ्या पानावर घाईघाईनं काहीतरी लिहिलं, खाली पुण्याचा पत्ता.

"वाचून दाखव."

"नाही. शिक आणि वाच."

मी लिहिलं होतं – 'खोटं वाचलं, कारण तू मला आवडतोस. बांधून ठेवायचं नाही, म्हणून तोंडानं सांगत नाही.'

पुण्यात हिवाळा गेला, उन्हाळा आला. माझ्यासाठी स्थळं येत होती, मी नाही म्हणत होते, घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. त्याला वाचता येणारच नाही, अशी मी मनाची तयारीही केली होती.

मे महिन्यात पाकीट आलं. आत एक कागद, पहिलीतल्या मुलासारखी मोठी, वाकडी अक्षरं. एकेक ओळ खोडून पुन्हा लिहिलेली.

'बाबांची वही रोज एक पान वाचली. काल तुझं पान आलं. तू खोटं वाचलंस, मी खरं लिहितो. मला तू हवी आहेस. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागते. येतो.'

मी ओळीखाली बोट फिरवत पुन्हा वाचलं, मोठ्यानं. बोट कुठेच थांबलं नाही.