उशाखालचा पासपोर्ट

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आमच्यात स्वप्न एकदाच सांगतात, तेही नेसामावशीला. पण तिला मी ते पुरतं सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

एंगस हा आमचा स्वप्नांचा आणि वाटेचा देव. स्वप्नात दिसलेल्या मुलीच्या ओढीने तो घर सोडून निघाला होता. आयर्लंडमध्ये, गॉलवेत, त्याला मानणारी आमची सहा-सात घरं आहेत. कुणी लांब निघालं, की त्याचे जोडे उशाशी घेऊन घरातलं दुसरं माणूस गाईच्या कातड्यावर झोपतं आणि ती वाट आधी चालून येतं. उठल्यावर, पाणी पिण्याआधी, सगळं सांगायचं. मावशी अर्थ लावते. तिने होकार दिला तरच जायचं.

माझा भाऊ फिआक्रा कॅनडात, हॅलिफॅक्सला निघाला होता. दोन वर्षांनी त्याला काम मिळालं होतं. शनिवारी दुपारी मी झोपायचं ठरलं.

"जोडे कशाला?" मावशी म्हणाली. "आता समुद्र पायी कोण ओलांडतं? देवालाही काळाबरोबर चालू दे. पासपोर्ट ठेवा."

"त्यातला फोटो बघून देव पळून जाईल," फिआक्रा म्हणाला.

आई हसली नाही. "जोडे असले की परत येता येतं, नेसा," ती हळूच म्हणाली.

पासपोर्टच ठेवला.

स्वप्नात विमानतळ, लांबलचक बोळ, बर्फ. मग हिरव्या भिंतींची एक खोली. पलंगावर एक माणूस बसला होता. त्याच्या केसांना तळ्याच्या पाण्याचा वास येत होता.

"आलीस..." तो म्हणाला. "किती शोधलं तुला. आता इथेच राहा..."

जागी झाले तेव्हा फिआक्रा श्वास रोखून माझ्याकडे बघत होता. "वाट मोकळी आहे," मी म्हणाले. खोलीबद्दल बोलले असते, तर त्याचं जाणं तिथेच थांबलं असतं.

मावशीने होकार दिला आणि तो गेला. पोचल्यावर त्याने खोलीचा फोटो पाठवला. भिंती हिरव्या होत्या.

परवा फोनवर त्याचा आवाज खोल गेला होता. "मुरेन, घरमालकीण विचारत होती... तुझी बहीण जेवायला का येत नाही म्हणून."

"तू परत ये, फिआक्रा."

"काम सोडून? वेडी आहेस का?" तो म्हणाला, पण फोन ठेवेना.

आज दुपारी त्याचा निरोप आला. 'ती खिडकीशी बसली आहे. पाठमोरी. काहीतरी लिहिते आहे. मी तिला हाक मारतो.'

घरात मी एकटीच आहे, दाराला आतून कडी आहे, आणि आत्ता अगदी खांद्यापाशी फिआक्राच्या आवाजात कुणीतरी "मुरेन..." म्हणालं, तेव्हा मी