मापाची काठी

माणूस गेला की आमच्या पाड्यात पहिलं काम बांबू तोडायचं. आम्ही जाळत नाही, पुरतो. रोहणा गावाच्या पुढे, नाल्यापलीकडच्या बरडावर आमची मसणवट आहे. खड्डा खणायच्या आधी डोमाजी, आमच्यातला म्हातारा जाणता, मयताच्या शेजारी बांबू धरतो आणि तेवढीच काठी विळ्यानं छाटतो. त्या मापानं खड्डा खणतात. नेम एकच, माती लोटताना काठीही आत टाकायची. घरी परत आली तर ती नवं माप शोधते म्हणतात.

उन्हाळ्यात माझी बायको जिजा गेली. काठी डोमाजीनं माझ्याच हातात दिली. "तूच टाकजो, पुनाजी."

मी कसली टाकतो! डोळ्यांपुढे अंधार. तिच्यावरच टेकत टेकत घरी आलो आणि उंबऱ्यात बघतो तर काठी हातात. परत फिरायला हवं होतं. पण भिंतीला लावून पाहिली, टोक बरोबर माझ्या कानाशी आलं. जिजाचं डोकं तिथंच यायचं. घर खायला उठलं होतं हो. मी ती चुलीपाशी उभी करून ठेवली. भाकर टाकताना तिच्याशी बोलायचो. हसा खुशाल, एकट्याला भिंतसुद्धा सोबत वाटते.

पावसाळ्यात डोमाजी आला आणि दारातच थांबला.

"हे काय करून राह्यला, पुना? नेऊन टाक तिच्यापाशी."

"मले नेलं त नेलं. कोन हाय इथं माह्यं?"

"ते तुयंच माप घेईन, असं कोनं सांगतलं तुले?" चहाही न घेता तो निघून गेला.

दिवाळीच्या सुट्टीत लेक कोकिळा नातीला माझ्याकडे सोडून गेली. कोकिळा सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे, तिला कुठली सुट्टी! चंचल पहिलीत. ती आली आणि घरात पुन्हा आवाज झाला. त्या दिवसांत मी काठीकडे पाहिलंही नाही. माणूस असताना बांबूशी कोण बोलतं?

कोकिळा तिला न्यायला आली त्या दुपारी पोरगी चुलीपाशी ताठ उभी होती.

"आबा, पाहा! मी आजीएवढी झाली!"

काठीचं टोक तिच्या डोक्याशी बरोबर होतं. मी वाकून पाहिलं. पायाखाली पाट नाही, काही नाही. काठी कुणी तोडलेलीही नव्हती. डोमाजीच्या विळ्याचा तिरपा छाट टोकाला होता तसाच होता, जुना, धुरानं काळा पडलेला.

एरवी मीच म्हणतो, राहा आणखी दोन दिवस. त्या दिवशी चहा होऊ दिला नाही.

"काऊन हाकलून राह्यले, बाबा?" कोकिळेचे डोळे भरले.

"बस सुटन," एवढंच म्हटलं.

चंचल रडत बसमध्ये चढली. आर्वीकडे बस वळली तसा मी घरी पळालो. काठी चुलीपाशीच होती. ती घेऊन बरड गाठलं, जिजाच्या उशाची माती हातांनी उकरली, काठी आत घातली, वर दगड रचले. ऊन अजून होतं. वारा मात्र पडला होता... आणि जवसाच्या तेलाचा वास येत होता. जिजा केसांना लावायची, तो.

"जिजा," मी म्हटलं, "पोरगी लहान हाय. माप घ्याचंच असन त माह्यं घे..."

दिवेलागणीला फोन आला.

"पोचलो, बाबा. चंचल झोपली." कोकिळा म्हणाली. "पन ते काठी काऊन देली तिच्यासंगं? बसमध्ये साऱ्याईले लागे. आता पांघरुनात घेऊन झोपली, सोडूनच नाई राह्यली."

माझ्या नखांत मसणवटीतली माती होती.

"उठव तिले," मी म्हटलं. "आत्ताच उठव."

"काय झालं, बाबा?"

"उठव म्हन्तो ना!"

फोन चालूच होता. कोकिळा हाका मारत होती. "चंचल... ए चंचल..." मग पोरीचा बारीक आवाज आला. काय बोलली ते मला कळलं नाही. कोकिळा हसत परत फोनवर आली.

"जागीच हाय, बाबा. डोळे मिटून सरळ पडली हाय नुसती. म्हन्ते, आजीनं सांगतलं हालू नको... माप चुकते."