दगडखाणीतले खोटे जखमी

"अगं, बेशुद्ध माणसं नाक खाजवत नाहीत!" इंजिन ओरडला.

"खाज सुटली तर काय करायचं, हे नर्सताईंनी सांगितलेलंच नाही," मुंगी डोळे मिटूनच म्हणाली.

"गप्प बसा दोघं! येताहेत!" शिट्टीने दटावलं आणि लाल रंगाने माखलेला आपला पाय पसरून ती मोठमोठ्याने विव्हळायला लागली.

सुट्टीत कोणी पोहायला शिकतं, कोणी मामाकडे जातं. या तिघांनी मात्र अख्खी सुट्टी जखमी होण्यात घालवली होती! इंजिन आणि मुंगी ही दगडखाणीच्या मुकादमांची मुलं. इंजिन कधी चालायचाच नाही, नुसता पळायचा. मुंगी त्याची धाकटी बहीण, चणीने एवढीशी. आणि शिट्टी ही वजनकाट्यावर काम करणाऱ्या बाईंची मुलगी. दोन बोटं तोंडात घालून तिने शिट्टी मारली, की खाणीच्या दुसऱ्या टोकाला माणसं मान वळवून बघत.

खेळ वाटला तरी हा खेळ नव्हता. खाण डोंगरात, आणि हॉस्पिटल डोंगर उतरून पार लांब. गेल्या वर्षी शिट्टीच्या मामाच्या मांडीत दगडाची धारदार कपची घुसली होती. त्याला ट्रकमध्ये घातलं. मुकादम वाटभर त्याचा हात हातात घेऊन बसले, त्याच्याशी बोलत राहिले. हॉस्पिटलच्या दारात ट्रक थांबला तेव्हा मामा गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, "कोणीतरी जखम घट्ट दाबून धरायला हवी होती." बस, एवढंच! ते कोणाला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून शिट्टी हसायची कमी झाली होती. रडली तर ती तेव्हाही नव्हती.

म्हणून तर नर्सताई आल्या होत्या. रक्त कसं थांबवायचं, मोडलेला हात कसा बांधायचा, स्ट्रेचर न हिंदकळता कसं न्यायचं, हे त्यांनी खाणीतल्या आठ-दहा जणांच्या पथकाला शिकवलं. मग सराव सुरू झाला. मुलांनी कुठेतरी जखमी होऊन पडायचं, आणि जागा कोणालाही सांगायची नाही, अगदी नर्सताईंनाही नाही! भोंगा वाजला की पथकाने फाटकाजवळच्या प्रथमोपचाराच्या खोलीतून पिशवी आणि स्ट्रेचर उचलायचं आणि जखमींना शोधून काढायचं. पुढच्या आठवड्यात तपासणीला खाण खात्याचे साहेब येणार होते. पथक नापास झालं, तर पास होईपर्यंत खाण बंद!

"सापडले!" मुकादमांचा आवाज आला. मागून पथक आलं. बघता बघता शिट्टीच्या पायाला रक्त थांबवायचा पट्टा लागला, मुंगी स्ट्रेचरवर चढली. नर्सताई घड्याळ बघत वर आल्या आणि खूश झाल्या.

शिट्टी मात्र मुकादमांच्या कपाळाकडे बघत होती.

"तुझ्या बाबांना घाम नव्हता आला," नंतर ती इंजिनला म्हणाली.

"मग? चांगलंच आहे की!"

"अरे शहाण्या, फाटकापासून वरच्या टप्प्यापर्यंत स्ट्रेचर घेऊन चढायचं म्हणजे तुझीसुद्धा जीभ बाहेर येते. आणि तुझ्या बाबांचं पोट बघ केवढं आहे! तरी धाप नाही, घाम नाही. आणि सरळ आपल्यापाशीच कसे आले?"

इंजिनचं तोंड उघडं राहिलं. एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली की असंच व्हायचं.

पुढच्या सरावाला तिघांनी जुन्या क्रेनमागची जागा ठरवली आणि भोंग्याच्या कितीतरी आधी ती तिथल्या झुडपांत जाऊन लपली. थोड्या वेळाने पावलं वाजली. मुकादम एकटेच आले. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर स्ट्रेचर! इकडेतिकडे बघत त्यांनी दोन्ही क्रेनमागे ठेवलं, वर ताडपत्री टाकली आणि शीळ घालत निघून गेले.

"म्हणजे सामान आधीच इथे! भोंगा वाजला की यांनी नुसतं हात हलवत यायचं!" शिट्टीने ताडपत्री उचलून बघितली. "पण जागा सांगितली कोणी? आपण तिघंच तर होतो."

मुंगीचा चेहरा एकदम एवढासा झाला.

"बाबा जेवताना विचारतात," ती पुटपुटली. "'उद्या माझी मुंगी कुठे पडणार?' मला वाटलं, त्यांना माझी काळजी वाटते म्हणून विचारतात."

मग इंजिनने एक दगड लाथेने उडवला. "बाबांनी आपल्याला फसवलं!"

"आपल्याला नाही," शिट्टी म्हणाली. "मामाला फसवलं."

"नर्सताईंना सांगू या?"

"सांगितलं तर तपासणीआधीच खाण बंद पडेल, आणि सगळे तुझ्या बाबांच्या नावाने खडे फोडतील. त्यापेक्षा यांना खरोखर शोधायला लावू. मुंगे, तपासणीच्या आदल्या रात्री बाबांना सांग, 'वरचा टप्पा'. आणि आपण पडायचं खालच्या खड्ड्यात, पाण्याच्या पंपापाशी."

"बाबांशी खोटं बोलू?"

"एकदाच."

मुंगी बोलली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब नर्सताईंबरोबर वजनकाट्यापाशी उभे राहिले. भोंगा वाजला. पंपाशेजारी पडलेल्या तिघांना वरच्या टप्प्याकडे धावणारे बूट ऐकू आले. मग सगळं थांबलं. मग आरडाओरडा सुरू झाला.

"इथे नाहीत! अरे, गेली कुठे पोरं?"

"मुंगी! मुंगे, कुठे आहेस गं?" मुकादमांचा आवाज चिरकला होता. मुंगी उठायला लागली, तोच शिट्टीने दोन बोटं तोंडात घातली आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली.

मुकादमांनी वरून खाली बघितलं. रस्ता लांबून वळसा घालून येत होता. तेवढा दम कुठला! ते सरळ दगडांच्या उतारावरूनच धावत सुटले. अर्ध्या वाटेत पायाखालचे दगड निसटले. मुकादम घरंगळत खाली आले आणि खड्ड्याच्या काठाला पडलेल्या गंजक्या पत्र्यावर आदळले.

तिघं त्यांच्यापाशी पोचतात, तोच पथकातली माणसंही रस्त्याने धापा टाकत आली. मुकादमांची पँट लालभडक झालेली बघून त्यांच्यातला वेल्डर हसायला लागला. "काय मुकादम, तुम्हीपण रंग लावला? साहेब खूश होणार!"

"रंग असा उसळत नाही!" शिट्टी किंचाळली.

खरंच, गुडघ्याच्या वर, मांडीतून रक्त थांबून थांबून उसळत होतं. वेल्डरचं हसू जागच्या जागी विरलं. सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे! पिशवी वरच्या टप्प्यावर ताडपत्रीखालीच राहिली होती. ती जिथल्या तिथे मिळायची, त्यामुळे उचलून न्यायची असते हेच कोणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

"इंजिन, पिशवी!" शिट्टी ओरडली.

इंजिनने शर्ट काढून शिट्टीकडे फेकला आणि तो उतारावरून वर सुटला. शिट्टीने शर्टाचा बोळा जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबला. तिचं वजन ते किती! "मुंगे, ये! माझ्या हातांवर जोर दे! सगळा भार टाक!"

मुंगी रडत होती, पण रडत रडतच तिने हात सरळ ठेवून सगळा भार टाकला. या दोघींना इतक्या वेळा बांधलं होतं, दाबलं होतं, गुंडाळलं होतं, की पुढे काय करायचं हे त्यांना शोधावं लागलं नाही. आणि पथकातली दांडगी माणसं नुसती उभी होती! त्यांना शिकवलं होतं, पण घाईघाईने, घड्याळाकडे बघत. आता रक्त बघून ती सगळंच विसरली होती.

"बाबा, बोला ना माझ्याशी!" मुंगी म्हणाली.

"बोलतोय की," मुकादम पुटपुटले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

इंजिन आला. पिशवी त्याने अक्षरशः फेकलीच. मुंगीला दाबतच राहायला सांगून शिट्टीने रुंद पट्टा काढला, जखमेच्या वर मांडीभोवती आवळला आणि त्यात अडकवलेली दांडी फिरवून तो पिळायला सुरुवात केली. एक पीळ, आणखी एक. मुकादम गुरासारखे ओरडले.

वेल्डरने तिचा हात धरला. "अगं, सैल कर! जीव जाईल त्यांचा!"

"सैल केला तर जाईल!" शिट्टी त्याच्या अंगावर ओरडली. "दुखणारच! दुखलं म्हणून सोडायचा नसतो! उभे काय राहिलात? ब्लँकेट घाला त्यांच्या अंगावर!"

वेल्डरने निमूटपणे ब्लँकेट काढलं. मग बाकीचेही हलले. कोणी स्ट्रेचर आणायला धावलं, कोणी जीप. शिट्टीने आणखी एकदा पिळलं, दांडी अडकवली, आणि उसळणारं रक्त थांबलं.

नर्सताई आणि साहेब धावत आले. नर्सताईंनी गुडघे टेकले, जखम बघितली, पट्टा बघितला आणि त्याला हात लावला नाही.

"पट्टा केव्हा लावलास?"

"आत्ताच, ताई."

नर्सताईंनी पेन काढून मुकादमांच्या कपाळावर वेळ लिहिली, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना दिसावी म्हणून. मग त्या हळूच म्हणाल्या, "यापेक्षा चांगलं मलाही जमलं नसतं."

स्ट्रेचर जीपमध्ये चढवताना साहेब म्हणाले, "आता काळजी करू नका, मुकादम. तपासणी पुन्हा कधीतरी घेऊ."

"झाली की तपासणी, साहेब," मुकादम खोल आवाजात म्हणाले. "आम्ही नापास. तसंच लिहा. पिशवी मी आधीच नेऊन ठेवायचो. दर वेळी. खाण बंद पडू नये म्हणून."

"बाबा, मी खोटं सांगितलं म्हणून तुम्ही पडलात!" मुंगीला हुंदका आवरेना.

"पडलो ते माझ्या घाईने. आणि पिशवी हलवली मी. तुम्ही तिघं नसता, तर माझ्याच हुशारीने मेलो असतो, मुंगे." त्यांनी तिचा रक्ताळलेला हात घट्ट धरला. नर्सताई आत चढल्या आणि जीप निघाली.

संध्याकाळी निरोप आला. ऑपरेशन झालं होतं. मुकादमांचा जीव वाचला, पायही वाचला. साहेबांनी खाण बंद ठेवायचा हुकूम दिला, पण जाण्याआधी सगळ्या कामगारांसमोर तिघांना पुढे बोलावलं. "हे पथक पुन्हा पहिल्यापासून शिकेल," ते म्हणाले, "आणि शिकवायला नर्सताईंच्या शेजारी ही तीन मुलं उभी राहतील." वेल्डरने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. इंजिनच्या अंगात शर्ट नव्हता, म्हणून तो संकोचून पुन्हा पुन्हा हाताची घडी घालत होता.

शिट्टी टाळ्या संपायच्या आतच तिथून निघाली. वजनकाट्यामागच्या नळावर ती कोपरापर्यंत हात घासत बसली. आई मागून आली आणि तिच्याशेजारी बसली. ती ओंजळीने तिच्या हातांवर पाणी ओतू लागली.

"माझ्या भावाजवळ त्या दिवशी तू हवी होतीस गं," आई म्हणाली.

तेव्हा कुठे शिट्टी रडली. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, मोठ्याने, वर्षभराचं सगळं रडली. आईने नळ बंद केला आणि तिला जवळ घेतलं.