आतली कडी

रंगरावांचे सोपानराव, सोपानरावांचे दौलतराव आणि दौलतरावांचे ज्योतीराम. कासारवाडीच्या घराण्यातील पुरुष मी याच क्रमाने सांगते. कारण पहिल्याने केलेले चौथ्यास निस्तरावे लागले.

छप्पन्न सालचा श्रावण तोंडावर होता. पुण्यास कांदे उतरवून आमची गाडी कुरुळीस परतत होती. बैल दमले होते, वडील दमले होते, मीही. भर दुपारी पाणी मागावे म्हणून कासारवाडीत एका बंद दाराशी मी उतरले. कडी खळखळली... आणि दार उघडले.

"कुणी न्हाई, ठाऊक हाय मला," असे पुटपुटत डोळे चोळणारा एक तरुण समोर उभा. मला पाहताच दचकला. "आज तर खरंच कुणीतरी हाय!"

"का? भूत वाटले का मी?"

"छे. भुताच्या केसांत कांद्याची साल न्हाई अडकत."

मी भलत्याच बाजूस हात नेला. त्याने हसून स्वतःच्या कानामागे बोट दाखवले.

तो ज्योतीराम. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी करी आणि दिवसा निजे. दरसाल श्रावणाच्या सुमारास दुपारी कडी वाजे, उघडावे तो बाहेर कोणी नसे. आई यशोदाबाईंनी दारावर लिंबू-मिरची टांगली, अंगारा लावला. आत येऊ पाहणारे काही थांबेना. "आता भीती न्हाई वाटत," तो म्हणाला, "नुस्ती झोप मोडती."

त्याने बैलांपुढे बादली ठेवली. वडिलांनी घर कुणाचे विचारले आणि रंगरावांचे नाव ऐकताच बादली ओतून दिली.

"ह्या घरचं पानी माज्या बैलांस्नी नगं! इंद्रायणी, चल!"

वाटेत त्यांनी सांगितले, त्यांच्या आजोबांची बहीण मंजुळाबाई त्या घरी, रंगरावांना दिली होती. लग्नातल्या मानपानाचा राग धरून रंगरावांनी नागपंचमीला माहेरी न्यायला आलेला मुऱ्हाळी उंबऱ्यावरून परत धाडला. दरसाल धाडला. मंजुळाबाईंनी माहेर पुन्हा पाहिले नाही. "त्या घरात आता कुरुळीची लेक जायाची न्हाई," वडील म्हणाले — जणू माझ्या मनातले ओळखूनच.

शनिवारी चाकणच्या बाजारात ज्योतीराम आमच्या ढिगापुढे उभा. रात्रपाळी करून तसाच आलेला.

"कांदे घ्यायला कासारवाडीहून? पिशवी कुठे आहे?"

"विसरलो." मग हलकेच, "इंद्रायणी... तुलाच बघाया आलो. आमच्या घरी नांदशील?"

मी कांदे निवडत राहिले. नको म्हणवेना, हो म्हणण्याची सोय नव्हती. "आबा देणार नाहीत," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी मी कडीला हात लावला नव्हता. माझ्यापुढची कडी हललीच नाही, ज्योतीराम. वाजली ती आतली."

"म्हंजे कुणी आत येत न्हाई..."

"जायचे आहे कुणाला तरी. पंचमीला."

घरी येऊन मी वडिलांना तेच सांगितले. पंचमीस सकाळी त्यांनी नवे पागोटे बांधले, गाडी जुंपली आणि मलाही बस म्हणाले.

दुपारी यशोदाबाई उंबऱ्यावर आडव्या उभ्या. "लक्ष्मणराव, भांडायला आलात?"

"न्हाई. मुऱ्हाळी आलोय. आमची लेक न्यायला."

त्यांच्या पाठीमागे, उघड्या दाराची आतली कडी खळखळली. यशोदाबाईंचा चेहरा उतरला. मग त्या देवघरात गेल्या, मंजुळाबाईंच्या नावाचा चांदीचा टाक हिरव्या खणात गुंडाळून आणला आणि माझ्या ओटीत ठेवला.

"आमच्या घरानं लई वाट बघाया लावली बाईला," त्या म्हणाल्या. "पंचमी झाली की परत आणा. सासर हितंच हाय तिचं."

"आणतो," वडील म्हणाले. क्षणभर माझ्याकडे पाहिले. "पन एकटीला न्हाई धाडायचा. दिवाळी सरली की सोबतीला हिला देतो."

मी मान वर केली नाही. ज्योतीरामाने आमच्या बैलांचा कासरा हाती घेतला, एवढे दिसले.

कुरुळीत लिंबाला झोका बांधला होता. टाक झोक्यावर ठेवला. आयाबायांनी गाणी म्हटली. मी झोका देत राहिले. हात भरून आले तेव्हा आई म्हणाली, "दे अजून. तिचं पुष्कळ राहिलंय." गाडीत ज्योतीराम गाढ झोपला होता. कुणी उठवू लागले, तर वडिलांनी हाताने थांबवले — "निजू द्या जावयाला."

ऊन कलले. मी हात काढून घेतला, तरी झोका आपला हलतच राहिला... सावकाश, मनासारखा. दिवेलागणीस तो आपोआप स्थिर झाला.

वडिलांनी पागोटे उतरवून मांडीवर घेतले. "फिटलं," म्हणाले.