अर्धी गोळी

मिरजेच्या औषधशुद्धी केंद्रात त्या शनिवारी दुपारी दोनच माणसं होती, आणि थंडपेटीत शालनची एकच चकती उरली होती.

शालन म्हणजे अच्युतराव खानापुऱ्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. जाण्याआधी वर्षभर तिनं आपल्या आतड्याच्या पेशी केंद्राला दिल्या होत्या. त्या पेशी आणि तिच्या रक्तातल्या स्मृतिपेशी नखाएवढ्या पातळ पडद्यावर एकत्र वाढवल्या की आंत्रचकती तयार होई. औषधात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, कणभर जरी असलं तरी चकती चाळीस मिनिटांत निळी पडे. नसलं तर फिकट गुलाबीच राही. नऊ दात्यांमध्ये शालनच्या पेशी सगळ्यांत हळव्या निघाल्या. हळवी तर ती होतीच, त्यासाठी यंत्र कशाला हवं होतं!

पण पेशींच्या विभागण्यालाही मर्यादा असते. तीन वर्षं हजारो गोळ्या तपासून झाल्या आणि आता ही शेवटची चकती. सोमवारपासून नव्या दात्याची मालिका सुरू व्हायची होती.

"सर, बार्शीच्या बाईंचा नमुना," डॉ. नसीमा मुजावर म्हणाली. पेशींचं खातं तिच्याकडे आणि रसायनांचं अच्युतरावांकडे. "पद्मिनी गवसाने. ग्लूटेनचा आजार आहे. म्हणतात, थायरॉईडची गोळी सुरू झाल्यापासून पोट जळतंय, आणि घरात कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांनी बंद पाकीट पाठवलंय."

अच्युतरावांनी पाकीट उलटंपालटं केलं. तीच गोळी होती, शालनची. चकतीवरच्या तपासणीत या गोळीला ते तीन वर्षं रांगेत मागे ढकलत आले होते.

"ही गोळी स्वच्छ आहे," ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. "मी स्वतः तपासलीय. दाखल्यावर माझी सही आहे."

"तुमची चाचणी त्या प्रथिनाला दोन टोकांना धरते, सर. गोळीतलं पिष्ट कारखान्यात शिजताना प्रथिनाचे तुकडे झाले, तर धरायला दुसरं टोकच उरत नाही. तुकडा निसटतो आणि यंत्र शून्य दाखवतं. पेशीला मात्र एवढासा तुकडा पुरतो. तिला तो आठवतो."

हे त्यांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. शालन पहिल्यांदा म्हणाली होती, "अहो, या गोळीनंच होतंय काहीतरी." तेव्हा त्यांनी यंत्रावरचं शून्य तिच्यासमोर धरलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ते खेकसले होते, "मनाचे खेळ आहेत तुझ्या!" मग ती बोलायचीच थांबली. त्यांना वाटलं, बरं वाटतंय तिला. दोन वर्षं ती खंगत गेली आणि एका साध्या तापात गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? घरी गेलं की भिंती, आणि इथे तिच्या चकत्या.

म्हणजे आज दोन बायकांचा निकाल लागायचा होता. चकती निळी पडली, तर शालन खरं बोलत होती आणि सहीवाले हे महाशय खोटे.

"पण साक्षीचं काय?" नसीमानं विचारलं. केंद्राचा नियम होता, प्रत्येक वेळी दोन चकत्या घ्यायच्या. एकीवर नमुना, दुसरीवर मुद्दाम गव्हाचं पाणी. दुसरी निळी पडली तर पेशी जिवंत आहेत हे कळतं, आणि मगच पहिलीचं गप्प राहणं खरं धरायचं. साक्षीशिवाय गप्प चकतीला किंमत शून्य. ती समाधानानं गप्प आहे की मेलेली आहे, कोण सांगणार?

गप्प बसण्याची साक्ष काढायची असते, हा नियम अच्युतरावांनीच लिहिला होता.

"एकाच चकतीवर करू," ते शेवटी म्हणाले. "आधी गोळी. गप्प राहिली तर धुऊन तिच्यावरच गव्हाचं पाणी. तेव्हा निळी पडली, तर आधीचं गप्प राहणं खरं."

गोळी विरघळवून थेंब सोडला. चाळीस मिनिटं दोघं समोरासमोर बसले. नसीमानं चहा आणला, तो तसाच निवला. चकती गुलाबी ती गुलाबीच.

"आता साक्ष," नसीमा म्हणाली आणि तिनं गव्हाच्या पाण्याची नळी त्यांच्या हातात दिली.

अच्युतरावांचा हात अडला. उभ्या जन्मात ज्या बाईच्या ताटापासून गहू दूर ठेवला, तिच्या उरल्यासुरल्या चिमूटभर देहाला शेवटचा घास म्हणून तोच द्यायचा? घरात तिचा तवा वेगळा, पळी वेगळी, भाकरीची परात वेगळी. त्यांना स्वतःला पोळीशिवाय जेवण जात नसे, म्हणून पोळ्या तेच लाटत. पीठ उडतं म्हणून ती तोवर गच्चीत जाऊन बसे. एवढं सांभाळलं होतं.

त्यांनी नळी खाली ठेवली आणि खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढली. शालनला गोळी अर्धीच घ्यायची असे. दर रविवारी ते आठवड्याच्या गोळ्या मोडून या डबीत ठेवत. शेवटच्या आठवड्याची पाच अर्धुकं आत राहिली होती. तीन वर्षं डबी त्यांच्या खिशात होती.

"सर, हे काय?"

"तिनं जे प्रत्यक्ष गिळलं, ते एकदा दाखवू दे तिला. गप्प राहिली तर मग गव्हाचं पाणी आहेच."

नसीमाला हे अजिबात पटलं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं चकती धुऊन दिली. अच्युतरावांनी अर्धुक विरघळवून थेंब सोडला.

चाळीस मिनिटं लागलीच नाहीत. नवव्या मिनिटाला चकतीच्या कडेला निळी रेघ उमटली आणि बघता बघता सगळा पडदा गर्द निळा झाला.

"या अल्ला!" नसीमा उभीच राहिली. "पेशी ठणठणीत जिवंत आहेत. म्हणजे बंद पाकिटातली गोळी स्वच्छच होती, सर. तुमची सही बरोबर होती. मग या अर्धुकात गहू आला कुठून? पाकीट फुटल्यावर हिला हात कुणी लावला?"

अच्युतराव डबीकडे बघत राहिले. रविवारची सकाळ. पोळ्या झालेल्या. पोळपाट फडक्यानं पुसलेला, नुसता पुसलेला. त्यावर गोळी आणि कणकेची सुरी. भाकरीला परात वेगळी आणि भाजीला पळी वेगळी, पण औषध म्हणजे काय खायची वस्तू थोडीच! ते तर आधीच शुद्ध. त्यांनीच शुद्ध ठरवलेलं.

"मी," ते म्हणाले. "पोळपाटावर मोडत होतो मी, नसीमा. दोन वर्षं. माझ्या हातानं."

ते लहान मुलासारखे रडले. नसीमा त्यांच्या शेजारी बसून राहिली. चकती अजून निळीच होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड धुतलं, नमुन्यासोबतचा कागद पुढे ओढला आणि बार्शीचा नंबर लावला.

"पद्मिनीताई, मिरजेहून अच्युत खानापुरे बोलतोय. तुमच्या गोळीत गहू नाही."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "बरं. म्हणजे मलाच उगीच वाटतं. आता नाही म्हणणार कुणाला काही."

"नाही, नाही! थांबा, फोन ठेवू नका. तुम्ही खरं बोलताय. मला एवढंच सांगा, ती गोळी तुम्ही पूर्ण घेता का?"

"अर्धी घेते."

"मोडून कोण देतं?"

"हे देतात की. सकाळी स्वयंपाकघरातच असतात." आवाजात जरा अभिमान आला. "माझं सगळं फार जपून करतात हो."

अच्युतरावांनी डोळे मिटले.

"ताई," ते म्हणाले, "त्यांना जरा फोन द्या."